माळ्यावरची पातेली आणि चार ओळींचा प्रोजेक्ट

पोस्ट लांब आहे आणि मधे थोडी तांत्रिकही आहे. पण विषय शेवटी आपल्याच पोरांचा आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा तिने लिहून दिलं की लिनक्स कर्नलमध्ये मेमरी मॅपिंगची जी जुनी, बाद ठरवलेली फंक्शनं अजून वापरात आहेत, ती काढून त्या जागी नवीन वापरणार. गाइड सरांनी कागद वाचला आणि विचारलं, "यात नवीन काय?" ती म्हणाली, "नवीन काही नाही सर, जुनं नीट करायचंय." सर म्हणाले, "मग मार्क कशाचे देऊ?"

बाकीच्या ग्रुपचे विषय मंजूर झाले. चेहरा ओळखून हजेरी लावणारं ॲप (हे दरवर्षी असतं), पानाचा फोटो काढून पिकावरचा रोग सांगणारं ॲप (हेही दरवर्षी), आणि एक चॅटबॉट. या पोरांना नावं ठेवत नाहीये, त्यांना जे मंजूर होतं ते ती करतात. पण भाचीने रात्री फोन करून विचारलं, "मामा, सरांचं चुकलं का माझं?" तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी स्वतः वीसेक वर्षं याच गल्लीत काम केलंय, तरी. म्हणून हे लिहितोय.

आधी प्रकरण काय आहे ते. कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्सचा कर्नल आहे, घरातल्या वायफायच्या डबीत बहुतेक तोच असतो, आणि जगातले बहुसंख्य सर्व्हरही त्याच्यावर चालतात. मेमरी कोणाला किती द्यायची, कुठली द्यायची, हे कर्नल ठरवतो.

आता स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणा. रोजची भांडी ओट्यालगतच्या मांडणीवर, हात केला की हाताला लागतात. मोठी पातेली, सणासुदीची परात वगैरे माळ्यावर. माळ्यावरचं भांडं वापरायचं तर ते खाली उतरवून ओट्यावर ठेवावं लागतं, आणि ओटा काही रबराचा नसतो.

३२ बिटच्या मशीनची नेमकी हीच गत होती. ३२ बिटांत एकूण ४ जीबीचेच पत्ते बसतात. इंटेलच्या ३२ बिट मशीनवर लिनक्सने त्यातले ३ जीबी प्रोग्रॅमना दिले, १ जीबी स्वतःकडे ठेवला. त्या १ जीबीत साधारण ८९६ एमबी मेमरी कर्नलच्या कायम हाताशी राहायची. ही मांडणी. मशीनमध्ये त्याहून जास्त मेमरी घातली तर ती असायची, पण कर्नलला तिचा थेट पत्ता नसायचा. हा माळा, त्यांच्या भाषेत हायमेम. १९९९ च्या सुमारास सर्व्हरमध्ये अशी जास्तीची मेमरी घालायला लागले तेव्हा ही सोय कर्नलमध्ये आली, आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीतून सगळ्यांपर्यंत पोचली.

माळ्यावरचं पान खाली उतरवायचं फंक्शन म्हणजे केमॅप. काम झालं की केअनमॅप करून जागा मोकळी करायची. ओट्यावर जागा किती? इंटेलच्या मशीनवर १०२४ पानांची, आणि ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरायची सोय चालू केली तर फक्त ५१२. म्हणजे माळा जितका मोठा, ओटा तितका लहान! आणि हा ओटा सगळ्या घराचा एकच. जागा नसली तर थांबायचं. दोघांनी एकेक पातेलं उतरवून धरलंय, दोघांना दुसरं हवंय आणि ओटा भरलाय, तर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहणार. शिवाय ओटा पुसून पुन्हा वापरायला घ्यायचा तर मशीनमधल्या प्रत्येक प्रोसेसरला निरोप द्यावा लागतो की जुने पत्ते विसरा. प्रोसेसर दोन होते तेव्हा हे खपून गेलं. पुढे ते वाढले आणि हा निरोपच महाग पडायला लागला.

म्हणून जोडीला केमॅप ॲटॉमिक होतं. यात प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची छोटी जागा. थांबणं नाही, निरोप नाही. पण अट अशी की भांडं हातात असेपर्यंत कोणी मधे यायचं नाही. दुसरं काम त्या प्रोसेसरवर घुसणार नाही, पेज फॉल्टही हाताळला जाणार नाही. झटपट कामाला छान. पण ज्यांना मशीनने ठरल्या वेळेत जागेवरून हललंच पाहिजे, म्हणजे कारखान्यातली यंत्रं, ध्वनिमुद्रण वगैरे, त्यांना ही "कोणी मधे यायचं नाही" अट जाचक. आणि गंमत बघा, ६४ बिटच्या मशीनला माळाच नाही. सगळी मेमरी हाताशी. तरीही केमॅप ॲटॉमिक लिहिलं असेल तिथे ६४ बिटवरही ही नाकाबंदी होतेच, काही कारण नसताना.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ५.११ आवृत्ती आली, त्यात थॉमस ग्लाइक्सनर यांनी केलेलं तिसरं फंक्शन आलं, केमॅप लोकल पेज. यात नकाशा त्या-त्या थ्रेडपुरता असतो. थ्रेडला मधेच बाजूला सारलं तर त्याची भांडी बाजूला काढून ठेवतात, तो परत आला की जशीच्या तशी मांडून देतात. थांबायचं नाही आणि इतरांना अडवायचंही नाही. अटी दोनच. उतरवलेली भांडी उलट्या क्रमाने परत ठेवायची, शेवटचं उतरवलेलं आधी. आणि मिळालेला पत्ता दुसऱ्या थ्रेडच्या हातात द्यायचा नाही.

मग झालं की, तुम्ही म्हणाल. जुनं नाव शोधा, नवीन टाका, एका दुपारचं काम.

इथेच खरी गोम आहे, आणि भाचीच्या सरांनाही हीच दिसली नाही.

जुन्या केमॅपचा पत्ता सगळ्या घरात चालायचा. एका फंक्शनने पातेलं उतरवायचं, पत्ता कुठल्यातरी रचनेत लिहून ठेवायचा, आणि बऱ्याच वेळाने भलत्याच थ्रेडने येऊन ते परत ठेवायचं, हे चालून जात होतं. अशा जागी नुसतं नाव बदललं तर कोड कंपाइल होईल, सुरू होईल, तुमच्या लॅपटॉपवर महिनोन्महिने बिनबोभाट चालेल. कारण तुमचा लॅपटॉप ६४ बिट, तिथे नकाशा वगैरे काही होतच नाही, सरळ पत्ता हातात मिळतो. मरेल तो कुठेतरी दूर एखाद्या ३२ बिट एआरएमच्या डब्यात, जिथे माळा खरोखर आहे. केमॅप ॲटॉमिकचं आणखी वेगळं. ते काढताना बघावं लागतं की मधल्या कोडला "कोणी मधे येणार नाही" याची सवय तर लागली नाही ना. वीस वर्षांपूर्वी कोणी लिहिलेला कोड, लिहिताना त्याने ती अट मुद्दाम वापरली की आपोआप मिळाली म्हणून त्याच्यावर विसंबला, हे कुठेही लिहिलेलं नसतं. वाचून ताडावं लागतं.

आणि एक बारीक खोच. जुन्या केअनमॅपला पान द्यावं लागायचं, नव्याला पत्ता द्यावा लागतो. घाईत लोक हे चुकणार हे करणाऱ्यांनी आधीच ओळखलं आणि अशी व्यवस्था केली की पान दिलं तर कोड कंपाइलच होणार नाही. मला हे फार आवडतं. माणूस चुकणार हे धरून चालणं, आणि त्यासाठी त्याला न रागावणं.

हे सगळं हवेत बोलत नाहीये. बीटीआरएफएस नावाची फाइल सिस्टिम आहे. २०२१ मध्ये तिच्या कॉम्प्रेशनच्या कोडमधले केमॅप काढून टाकले, आता गरज नाही अशा समजुतीने. काढणारे नवशिके नव्हते, ती फाइल सिस्टिम सांभाळणारीच जाणती माणसं होती. ३२ बिट एआरएम आणि इंटेलवर मशीन कोसळायला लागली. त्याच वर्षी बदल मागे घ्यावे लागले, केमॅप जिथे होते तिथे परत. पुढच्या वर्षी मग एकेक जागा वाचून, पारखून तिथे केमॅप लोकल पेज आणलं. म्हणजे जाणत्यांनाही जे एका फटक्यात जमलं नाही, त्याला आपण "यात नवीन काय" म्हणतोय.

हे काम पुढे नेणाऱ्यांत इंटेलचे आयरा वीनी होते. फाबियो दे फ्रान्चेस्को यांनी तर एकामागून एक फाइल सिस्टिम आणि ड्रायव्हर घेतले. त्यांच्या बदलांच्या नोंदींत एक मजकूर पुन्हा पुन्हा दिसतो, की चाचणी ३२ बिटच्या आभासी मशीनवर, ६ जीबी मेमरी देऊन केली. विचार करा, २०२२ मध्ये कोण ३२ बिटवर ६ जीबी वापरतं? कोणी नाही. पण माळा असलेलं घर पाहिजे ना चाचणीला, मग ते मुद्दाम उभं करायचं.

आता दुसरी बाजू. माझाच एक जुना सहकारी मला म्हणाला, "अरे, माळाच पाडताहेत. मग पातेली उतरवायची नवी पद्धत हवी कशाला?" मुद्दा बिनबुडाचा नाही. मे २०२५ मध्ये आलेल्या ६.१५ आवृत्तीत इंटेलच्या ३२ बिटवर ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरायची सोय काढूनच टाकली. म्हणजे ज्या प्रकारच्या मशीनवर या लोकांनी चाचण्या केल्या त्याची सगळी मेमरी आता नवा कर्नल वापरणारच नाही. उरलेला माळा ३२ बिट एआरएमवर जास्त, आणि तोही कधी ना कधी जाणार.

तरीही मला त्याचं म्हणणं पटत नाही. एक तर माळा पाडायचा असला तरी आधी त्यावर काय ठेवलंय आणि ते कोण-कोण उतरवतं हे माहीत पाहिजे, आणि हे बदल करताना नेमकी तीच यादी तयार होते. दुसरं, केमॅप ॲटॉमिकची नाकाबंदी ६४ बिटवरही होते, हे वर सांगितलंच. वेळेला काटेकोर असा रिअलटाइम कर्नल मुख्य लिनक्समध्ये नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत आला, सुमारे वीस वर्षांच्या खटपटीनंतर. त्या वीस वर्षांत काय केलं असेल तर मुख्यतः हेच, "कोणी मधे यायचं नाही" म्हणणारी एकेक जागा शोधायची आणि ती का तसं म्हणते ते वाचायचं. केमॅप लोकल पेजचा जन्मही त्याच खटपटीतला. या कामाचं उद्घाटन वगैरे काही नसतं. नारळ फोडायला जागाच नाही.

तक्रार मला दुसरीच आहे, आणि ती लिनक्सवाल्यांवरही आहे. जुनं बाद ठरवायचं, बाजूला नवीन ठेवायचं आणि "हळूहळू बदला" म्हणायचं, ही पद्धत सुरक्षित आहे, पण शेवटची वीस टक्के कामं कायम लोंबकळत राहतात. सोप्या जागा नवशिक्यांना पहिला घास म्हणून मिळतात आणि भराभर संपतात. अवघड जागा, जिथे पत्ता या थ्रेडमधून त्या थ्रेडमध्ये जातो, त्या कोणाच्याच पानात पडत नाहीत. कोड पाठवण्याआधी तपासणारी त्यांची स्क्रिप्ट आता जुनं नाव दिसलं की कानपिचकी देते, पण ती नव्याने लिहिणाऱ्याला. आधीपासून बसलेल्या जुन्या कोडला कोण कान धरून उठवणार? त्यासाठी कोणालातरी पगार द्यावा लागतो. कंपन्या नव्या ड्रायव्हरसाठी पगार देतात, हे मी आतून पाहिलंय. "या तिमाहीत मी जुनी फंक्शनं काढली" हे वार्षिक मूल्यमापनात लिहून बघा एकदा, आणि मग बघा बढती कोणाला मिळते ते.

याचा तुमच्या फोनशी संबंध आहे बरं का. लिनक्सचा एक नियम कडक आहे, बाहेरच्या प्रोग्रॅमना जे वचन दिलंय ते मोडायचं नाही. पण कर्नलच्या आतल्या फंक्शनांना असं कुठलंच वचन नाही, ती कधीही बदलतील. मात्र जो बदलेल त्याने कर्नलमधल्या सगळ्या वापरणाऱ्यांची सोय लावायची, असा रिवाज आहे. आता ज्या फोनवाल्याने आपला ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये दिलाच नाही, स्वतःच्या कपाटात ठेवला, त्याची सोय कोण लावणार? कोणी नाही. मग तो जुन्याच कर्नलला चिकटून राहतो, आणि तुमच्या धडधाकट फोनला अपडेट येणं बंद होतं. याला आणखीही कारणं आहेत, मान्य. पण "देखभालीचा खर्च कोणी करायचा" हा प्रश्न त्यातल्या बहुतेक कारणांच्या मुळाशी आहे.

पुन्हा भाचीकडे येतो. सरांनी नाही म्हटलं तरी तिने सुट्टीत एक जागा निवडलीच. एक छोटा ड्रायव्हर, त्यात केमॅप ॲटॉमिक, मधे डेटाची नक्कल, मग सोडणं. बदल चार ओळींचा. तिला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा नुसता तो कोड कुठून कुठून बोलावला जातो हे शोधण्यात गेला. दुसरा आठवडा ३२ बिटचं आभासी मशीन उभं करण्यात, कारण तिच्या लॅपटॉपवर चूक असती तरी दिसली नसती हे तिला स्वतःहून कळलं. (हे कळणं म्हणजेच शिक्षण, असं माझं मत. असो.) तिसऱ्या आठवड्यात तिने बदलाबरोबरची टीप लिहिली. कोड चार ओळी, टीप सोळा ओळी. मधल्या कोडला पेज फॉल्ट बंद असण्याची गरज का नाही, दुसरं काम मधे आलं तर काय बिघडतं आणि का बिघडत नाही, चाचणी कुठे केली, सगळं. मी वाचून दोन ठिकाणी इंग्रजी सुधारलं, बाकी हात लावला नाही.

माझं विद्यापीठांना आणि अभ्यासमंडळांवर बसलेल्या माझ्या ओळखीच्या मंडळींना सांगणं साधं आहे. प्रोजेक्टच्या मूल्यमापनात "नावीन्य" म्हणून जो रकाना आहे तो राहू द्या, पण त्याच्या शेजारी दुसऱ्याचा चालू कोड वाचून, न मोडता सुधारण्याला एक रकाना द्या. बदल मुख्य प्रकल्पात स्वीकारला गेला की नाही यावरच मार्क ठेवू नका, ते सांभाळणाऱ्या लोकांच्या सवडीवर असतं आणि कधी महिने जातात. टीप बघा. तिथे पोराला काय समजलं ते कळतं, आणि ती नक्कल करून लिहिता येत नाही, कारण प्रत्येक जागेचं कारण वेगळं. आणि आमच्या पिढीतल्या, पुण्यात या क्षेत्रात केस पांढरे केलेल्या लोकांनी महिन्याकाठी दोन तास काढून अशा पोरांचे बदल पाठवण्याआधी वाचून द्यावेत. मी सुरुवात करतोय, ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये या. हो, "कॉलेजने आधी मागणी करावी" वगैरे कमेंटमध्ये लिहू नका, कॉलेज करणार नाही.

सरांवरही फार रागावू नका. त्यांच्याकडे चाळीस प्रोजेक्ट, आणि वरून आलेला फॉर्म. फॉर्ममध्ये "काय नवीन केलं" ला जागा आहे, "काय नीट केलं" ला नाही. माणूस फॉर्मप्रमाणे वागतो.

परवा रात्री तिच्या ईमेलला उत्तर आलं. ज्यांना तिने बदल पाठवला होता त्यांनी लिहिलं होतं की विश्लेषण बरोबर आहे, पण इथे नकाशा, नक्कल आणि सोडणं हे तीनही एकत्र करणारं तयार फंक्शन आहे, तेच वापर आणि पुन्हा पाठव. तिने रात्रीच बसून बदललं. चार ओळींच्या जागी आता एकच ओळ उरलीये.

सकाळी फोन आला. "मामा, प्रोजेक्ट अजून लहान झाला. आता सरांना काय दाखवू?"